'सही-शिक्क्याची गरज नाही' असं लिहिलेला कागद खरा कशावरून? डिजिटल प्रमाणपत्राची पडताळणी नेमकी कशी होते?

डिजिटल सातबारा डाउनलोड केला की त्यावर एक ओळ हमखास दिसते. हा उतारा डिजिटल स्वाक्षरीचा असल्यामुळे त्यावर सही-शिक्क्याची गरज नाही, अशा अर्थाची. तरीही कितीतरी शेतकरी तो उतारा घेऊन तलाठी कार्यालय गाठतात आणि "साहेब, तेवढा एक शिक्का मारून द्या" म्हणतात. कारण बँकेतल्या किंवा सोसायटीतल्या कुणीतरी त्यांना तसं सांगितलेलं असतं.

याच्या अगदी उलटही घडतं. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराने मार्कशीटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, त्यावर हिरवी टिक दिसली, कोपऱ्यात क्यूआर कोड दिसला की समोरचा माणूस निर्धास्त होतो. तो कोड स्कॅन कुणी करत नाही. हिरवी टिक ही मोबाइलवरच्या कुठल्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये पाच मिनिटांत चिकटवता येते, हेही लक्षात येत नाही.

पहिल्या ठिकाणी खरा कागद अडतो, दुसऱ्या ठिकाणी खोटा कागद सुटतो. चूक मात्र दोन्हीकडे एकच असते. कागद खरा आहे का, हे त्याच्या दिसण्यावरून ठरवलं जातं.

डिजिटल प्रमाणपत्राचा खरेपणा डोळ्यांना दिसत नाही, तो तपासावा लागतो. अ‍ॅडमिशन, नोकरी, कर्ज, आरक्षणाचा लाभ अशा सगळ्या गोष्टी आता या तपासणीवर अवलंबून आहेत. म्हणूनच ही तपासणी कशी चालते, ती काय सिद्ध करते आणि काय करत नाही, हे माहीत असायला हवं.

कागदात फेरफार होऊ नये म्हणून पूर्वी काय करायचे?

ही अडचण काही आजची नाही. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रं पाहिली तर त्यात फेरफार रोखण्याची पक्की व्यवस्था दिसते. पत्राच्या वरच्या भागात मुख्य मुद्रा असायची आणि मजकूर जिथे संपतो तिथे 'मर्तब' नावाचा छोटा शिक्का. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नाही, असा त्याचा अर्थ.

लांबलचक पत्रासाठी कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवले जायचे. मधला एखादा तुकडा काढून दुसरा घुसवता येऊ नये म्हणून जोडावर मागच्या बाजूने शिक्का उमटवत. तुकडा बदलला की शिक्क्याच्या दोन अर्ध्या बाजू जुळत नसत.

आजच्या डिजिटल प्रमाणपत्राला याच दोन गोष्टी साधायच्या असतात. हा मजकूर कुणी दिला हे कळलं पाहिजे आणि दिल्यानंतर त्यात कुणी हात घातला असेल तर ते लगेच उघडं पडलं पाहिजे. फरक इतकाच की लाखेची आणि शाईची जागा आता गणिताने घेतली आहे.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा

किराणा दुकानाचं बिल डोळ्यांसमोर आणा. बिलातल्या एका वस्तूची किंमत बदलली की खालची बेरीज जुळत नाही. म्हणजे बेरीज ही त्या बिलाची एक साधी खूण झाली. पण ही खूण कच्ची आहे. साखरेचे दहा रुपये वाढवून तेलाचे दहा रुपये कमी केले तर बिल बदलूनही बेरीज तीच राहते.

संगणकशास्त्रात वापरली जाणारी पक्की खूण म्हणजे 'हॅश'. एखादी फाइल, मग ती एका ओळीची असो की हजार पानांची, ठरलेल्या गणिती प्रक्रियेतून गेली की तिच्यापासून ठरावीक लांबीची अक्षर-अंकांची माळ तयार होते. आज सर्वाधिक वापरात असलेल्या शा-२५६ या पद्धतीत ही माळ नेहमी ६४ अक्षरांची असते.

मार्कशीटमधल्या ६१ चे ८१ केले, नावात एक काना वाढवला, अगदी एक जास्तीची मोकळी जागा सोडली तरी ही माळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. शिवाय माळेवरून उलट जाऊन मूळ मजकूर शोधता येत नाही. आणि वेगळ्या मजकुराची नेमकी तीच माळ मुद्दाम जुळवून आणणं व्यवहारात अशक्य मानलं जातं, कारण शक्य असलेल्या माळांची संख्या लिहायची तर ती ७८ आकडी होते.

हॅशच्या पद्धतीही जुन्या होतात, हेही खरं. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने एकच हॅश असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइल तयार करून दाखवल्या. त्या फाइल शा-१ या जुन्या पद्धतीच्या होत्या. त्यानंतर ती पद्धत झपाट्याने बाद झाली. म्हणजे कुलूप मजबूत असलं तरी ते वेळोवेळी बदलावं लागतं.

मग डिजिटल सही कशी होते?

नुसत्या हॅशने काम भागत नाही. ज्याला मार्कशीट बदलायची आहे तो नवी मार्कशीट बनवून तिचा नवा हॅशही काढू शकतो. म्हणून हॅशवर देणाऱ्याची सही लागते.

इथे किल्ल्यांची जोडी कामाला येते. अधिकाऱ्याकडे एक खासगी किल्ली असते, ती फक्त त्याच्यापाशी. तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली सगळ्यांसाठी खुली असते. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते, पण सार्वजनिक किल्ली हातात असूनही तशी सही करता येत नाही. या कल्पनेचा पाया १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी घातला.

सरकारी कार्यालयांत ज्याला सगळे 'डीएससी' किंवा 'डोंगल' म्हणतात, त्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणात ही खासगी किल्ली असते. अधिकारी डोंगल लावतो, पिन टाकतो आणि प्रमाणपत्रावर सही होते. तपासणारं सॉफ्टवेअर फाइलचा हॅश नव्याने काढतं, सहीतल्या हॅशशी ताडून पाहतं आणि दोन्ही जुळले तरच सही वैध ठरवतं.

पण ही सार्वजनिक किल्ली त्याच अधिकाऱ्याची आहे हे कशावरून? त्यासाठी भारतात कायद्याने एक साखळी उभी केली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ मध्ये डिजिटल सहीसाठी किल्ल्यांची जोडी आणि हॅश या दोन्हींचा उल्लेख आहे, तर कलम ५ अशा सहीला कायदेशीर मान्यता देतं. सर्वात वर केंद्र सरकारने नेमलेला प्रमाणन प्राधिकरणांचा नियंत्रक, त्याच्याकडून परवाना मिळालेल्या संस्था त्याखाली आणि त्या संस्थांनी ओळख तपासून ज्यांना डीएससी दिली ते लोक सर्वात खाली.

हिरवी टिक आणि पिवळं प्रश्नचिन्ह

आधारची किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ उघडल्यावर सहीच्या जागी बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. ते पाहून अनेक जण दाखला बोगस आहे असं समजतात. प्रत्यक्षात त्या संगणकातल्या पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला वर सांगितलेल्या साखळीतला कुणीतरी ओळखीचा नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. विश्वासू यादीत भारताचं मूळ प्रमाणपत्र जोडलं आणि सही पुन्हा तपासली की प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी टिक येते.

या खुणेचे तीन नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

एक, ही तपासणी मूळ फाइलवरच होते. प्रिंट काढली, फोटो काढला, स्क्रीनशॉट घेतला किंवा फाइल 'प्रिंट टू पीडीएफ' करून पुन्हा सेव्ह केली की सही निघून जाते. उरतं ते सहीचं चित्र.

दोन, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फाइल उघडून पाहिली म्हणजे सही तपासली असं होत नाही. मोबाइलवरचे बहुतेक साधे पीडीएफ व्ह्यूअर सहीची तपासणी करतच नाहीत.

तीन, टिक दिसली तरी सही कुणाची आहे ते उघडून वाचायला हवं. खरी डीएससी कुणाही माणसाच्या नावाने मिळते. विद्यापीठाच्या पदवीवर कुठल्यातरी खासगी व्यक्तीची वैध सही असेल तर सही खरी आणि पदवी खोटी, असाही प्रकार होऊ शकतो.

डिजिलॉकरमध्ये आहे म्हणजे खरंच आहे का?

१ जुलै २०१५ रोजी डिजिलॉकरचं औपचारिक लोकार्पण झालं. फेब्रुवारी २०१७ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन डिजिलॉकरमधून मिळणाऱ्या 'इश्यूड' कागदपत्रांना मूळ कागदाइतकीच मान्यता मिळाली. २०१८ मध्ये मोटार वाहन नियमांतही बदल झाला आणि वाहतूक पोलिसांना लायसन्स, आरसी बुक मोबाइलवर दाखवता येऊ लागलं.

यातला 'इश्यूड' हा शब्द महत्त्वाचा आहे. डिजिलॉकरमध्ये दोन वेगळे कप्पे असतात. 'इश्यूड' कप्प्यातलं कागदपत्र थेट देणाऱ्या संस्थेच्या नोंदीतून येतं. तिथे मुळात साठवलेला असतो तो त्या नोंदीकडे नेणारा दुवा. कागद पाहिजे तेव्हा मंडळाच्या, विद्यापीठाच्या किंवा परिवहन विभागाच्या डेटाबेसमधून तो आणला जातो. मधे वापरकर्त्याचा हात लागत नाही.

'अपलोडेड' कप्प्यात मात्र वापरकर्त्याने स्वतः स्कॅन करून टाकलेली फाइल असते. ती घरातल्या कपाटात ठेवलेल्या झेरॉक्ससारखी. डिजिलॉकरमध्ये आहे म्हणून तिला कसलाही वेगळा दर्जा मिळत नाही. "माझ्या डिजिलॉकरमध्ये आहे" एवढ्याने भागत नाही, कुठल्या कप्प्यात आहे हे विचारायला हवं.

पदव्या आणि गुणपत्रिकांसाठी देशात 'नॅशनल अ‍ॅकॅडमिक डिपॉझिटरी' म्हणजे नॅड ही व्यवस्था जुलै २०१७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला हे काम शेअर्सची डिमॅट खाती सांभाळणाऱ्या दोन कंपन्यांकडे होतं. पुढे ते डिजिलॉकरकडे आलं. शेअर जसे कागदावरून डिमॅटमध्ये गेले तसं पदवीचं करायचं, अशी मूळ कल्पना. यात कंपनीने उमेदवाराची संमती घेऊन पदवी थेट तिथूनच पाहायची असते, त्यामुळे मधल्यामध्ये काही बदलण्याची संधीच उरत नाही.

क्यूआर कोड दोन प्रकारचे असतात

प्रमाणपत्रांवरचे कोड दिसायला सारखेच, पण त्यांच्या आत काय आहे यावर सगळं ठरतं.

पहिल्या प्रकारात कोडमध्ये फक्त एका वेबसाइटचा पत्ता असतो. स्कॅन केलं की ती साइट उघडते आणि तिथे नोंद दिसते. सोय चांगली आहे, पण धोका इथेच आहे. खोटं प्रमाणपत्र बनवणारा खोटी वेबसाइटही बनवू शकतो. कोड स्कॅन झाला, पान उघडलं, त्यावर बोधचिन्ह आणि 'व्हेरिफाइड' असं दिसलं म्हणून खात्री पटू नये. वर दिसणारा पत्ता अधिकृत आहे का ते पाहायचं. त्याहून चांगलं म्हणजे कोड बाजूला ठेवून संस्थेच्या साइटवर स्वतः जायचं आणि प्रमाणपत्राचा क्रमांक टाकायचा. 'आपले सरकार'च्या दाखल्यांवर बारकोड क्रमांक आणि डिजिटल सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो, तो यासाठीच.

दुसऱ्या प्रकारात कोडच्या आतच सगळी माहिती आणि तिच्यावरची डिजिटल सही असते. आधारवरचा सुरक्षित क्यूआर कोड असा आहे. त्यात नाव, पत्ता, फोटो आणि आधार प्राधिकरणाची सही असते आणि अधिकृत अ‍ॅपमध्ये तो इंटरनेटशिवायही तपासता येतो. कोविड काळातल्या को-विन प्रमाणपत्रावरही सही केलेल्या माहितीचाच कोड होता. तो अधिकृत पडताळणी पानावर स्कॅन केला की सही जुळते का ते कळायचं. कुणी प्रमाणपत्रावरचं छापील नाव बदललं तरी कोडमधलं नाव मूळचंच राहायचं आणि लबाडी उघडी पडायची. अर्थात, कोड स्कॅन केला तरच.

या दुसऱ्या प्रकाराचा एक मोठा फायदा आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही तेही कागदाची प्रिंट घेऊन जाऊ शकतात. तपासणाऱ्याकडे फोन असला म्हणजे पुरे.

ब्लॉकचेन यात कुठे येतं?

गडचिरोली जिल्ह्यातलं एटापल्ली हे ठिकाण जंगलाने वेढलेलं आणि आदिवासीबहुल. २०२२ मध्ये तिथल्या उपविभागीय कार्यालयाने सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रं पॉलिगॉन या ब्लॉकचेनचा वापर करून देण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याआधी २०२१ मध्ये महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास मंडळानेही पदविका प्रमाणपत्रांसाठी ब्लॉकचेनचा मार्ग धरला होता. अमेरिकेत एमआयटीने २०१७ मध्ये १११ पदवीधरांना अशा पद्धतीने डिजिटल पदव्या दिल्या होत्या.

अशा वेळी जात प्रमाणपत्रं किंवा पदव्याच ब्लॉकचेनवर चढवल्या जातात, असं अनेकांना वाटतं. चांगल्या रचनेत तसं केलं जात नाही. ब्लॉकचेन ही हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली वही आहे. त्यात एकदा लिहिलेली नोंद गुपचूप खोडता येत नाही. अशा वहीत कुणाचं नाव, जात, गुण लिहिणं म्हणजे खासगी माहिती कायमची चव्हाट्यावर मांडणं. म्हणून तिथे जातो तो हॅश.

प्रत्येक प्रमाणपत्राचा हॅश वेगळा लिहिण्याचीही गरज नसते. दोन हॅश एकत्र करून त्यांचा एक हॅश काढायचा, मग अशा दोघांचा पुन्हा एक, असं करत शेवटी एकच हॅश उरतो. वंशवृक्ष उलटा धरल्यासारखी ही रचना. राल्फ मर्कल या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला मर्कल ट्री म्हणतात. ६५ हजार प्रमाणपत्रं असली तरी वहीत फक्त शेवटचा एक हॅश लिहून चालतं. आपलं प्रमाणपत्र त्या गठ्ठ्यातलंच आहे हे दाखवायला प्रत्येकाला केवळ १६ हॅश सोबत ठेवावे लागतात, कारण दोनाची सोळा वेळा पट केली की ६५,५३६ होतात.

यातून मिळतं काय? समजा उद्या कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये शिरून कुणी जुन्या नोंदी बदलल्या, किंवा मागची तारीख टाकून एखादं प्रमाणपत्र घुसवलं. नव्या फाइलचा हॅश वहीतल्या नोंदीशी जुळणार नाही. म्हणजे संस्थेच्या आतल्या माणसाला मागाहून हात चलाखी करणं अवघड होतं.

पण प्रत्येक दाखल्याला ब्लॉकचेन हवंच असं नाही. देणारी संस्था विश्वासाची असेल, तिच्या नोंदी शाबूत असतील, तर साधी डिजिटल सहीदेखील फेरफार तितक्याच खात्रीने पकडते. सातबारा, आधार, को-विन प्रमाणपत्र यांना ब्लॉकचेनची गरज पडलेली नाही.

ज्याची हमी कुठलंच तंत्रज्ञान देत नाही

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. ही सगळी व्यवस्था दोनच गोष्टी सिद्ध करते: कागद अमुक संस्थेने दिला आणि दिल्यापासून बदललेला नाही. कागदात लिहिलेलं सत्य आहे का, याबद्दल ती काहीही सांगत नाही.

महाराष्ट्रात हा फरक समजायला जात प्रमाणपत्रापेक्षा चांगलं उदाहरण नाही. जात प्रमाणपत्र देतो उपविभागीय अधिकारी किंवा सक्षम प्राधिकारी. पण आरक्षित जागेवरच्या प्रवेशाला आणि नोकरीला त्यावर भागत नाही, जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. डिजिटल सही तपासून एवढंच कळतं की प्रमाणपत्र अधिकाऱ्याने दिलं. दावा खरा आहे का, हे शाळेचे जुने दाखले, महसुली नोंदी, वंशावळ पाहून समितीच ठरवते. नावात 'पडताळणी' दोन्हीकडे असली तरी ही कामं वेगळी आहेत.

त्याची किंमतही मोठी आहे. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जातीचा दावा अवैध ठरला तर त्या आधारावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश कितीही वर्षं झाली तरी टिकवून ठेवता येणार नाही. एखाद्याचं अख्खं करिअर एका कागदावर उभं असतं ते असं.

देणाराच लबाड किंवा निष्काळजी असला तर काय होतं, हे युरोपने पाहिलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या नावाची कोविड प्रमाणपत्रं इंटरनेटवर फिरू लागली आणि पडताळणीच्या अ‍ॅपने त्यांना चक्क वैध ठरवलं. सही खरी होती, गणित बरोबर होतं. प्रमाणपत्र देण्याच्या अधिकाराचाच गैरवापर झाला होता. नंतर ती अमान्य करण्यात आली.

आपल्याकडेही साहेबांचं डोंगल आणि पिन कायम ऑपरेटरच्या टेबलावर पडून राहत असेल, तर त्या सहीला अर्थ किती उरतो? आणि विद्यापीठच बोगस असेल तर त्याने दिलेली डिजिटल पदवी तितकीच बोगस. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करतो. आधी संस्था तपासायची, मग तिची सही.

आणखी एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे रद्द झालेली प्रमाणपत्रं. काल दिलेला परवाना आज निलंबित होऊ शकतो. जुन्या फाइलवरची सही तरीही जुळेल, कारण फाइल बदललेलीच नाही. म्हणून परवाना, नोंदणी, वैधता अशा गोष्टींची सद्यस्थिती मूळ नोंदीतूनच पाहावी लागते.

'पडताळणी झाली नाही' म्हणजे 'खोटं' नव्हे

खोटा कागद पकडणं जितकं गरजेचं, तितकंच खऱ्या माणसाला अडकू न देणंही. निकालाच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत साइट बसतात. १५-२० वर्षांपूर्वीच्या पदव्या अनेक संस्थांनी अजून ऑनलाइन चढवलेल्या नाहीत. आधारवर 'सुनिता' आणि मार्कशीटवर 'सुनीता' असलं तर डिजिलॉकरमध्ये कागद मिळतच नाही, असंही होतं.

अशा वेळी स्क्रीनवर 'नोंद सापडली नाही' असं आलं की समोरच्याला लबाड ठरवणं अन्यायाचं आहे. नोंद नसणं आणि नोंद न जुळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नोंद न जुळली तर शंकेला जागा आहे. नोंद सापडलीच नाही तर मूळ कागद पाहून संस्थेला लेखी विचारणं, हा सरळ मार्ग आहे.

नावातली चूकही डिजिलॉकर दुरुस्त करू शकत नाही, कारण नोंद त्याची नसते. ती मंडळाकडून, विद्यापीठाकडून किंवा त्या त्या खात्याकडूनच दुरुस्त होते. प्रवेशाची तारीख तोंडावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा दहावीचा निकाल हातात आल्या आल्या स्पेलिंग तपासून घेतलेलं बरं.

किती दाखवायचं, हे ठरवण्याचा हक्क

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या जागतिक मानक संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये 'व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल्स' नावाचं मानक प्रसिद्ध केलं. त्याची दुसरी आवृत्ती मे २०२५ मध्ये आली. त्यात तीन भूमिका आहेत: देणारा, बाळगणारा आणि तपासणारा. प्रमाणपत्र बाळगणाऱ्याच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये राहतं आणि तो ते हवं त्याला दाखवतो. प्रत्येक वेळी देणाऱ्या संस्थेला विचारावं लागत नाही, त्यामुळे कोण कुठे काय दाखवतोय याची नोंदही तिच्याकडे जमत नाही.

गरजेपुरतंच दाखवण्याची सोयही यात करता येते. १८ वर्षं पूर्ण आहेत एवढंच सांगायचं असेल तर जन्मतारीख, पत्ता, वडिलांचं नाव कशाला द्यायचं? आज आपण प्रत्येक ठिकाणी आधारची अख्खी झेरॉक्स देऊन मोकळे होतो, त्यावरचा हा उतारा आहे.

सोशल मीडियावर तर याची जास्तच गरज आहे. निकालाच्या दिवशी मुलांच्या मार्कशीटचे फोटो कौतुकाने स्टेटसला टाकले जातात. महाराष्ट्र बोर्डाचा निकाल पाहायला लागतात दोनच गोष्टी, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. त्या दोन्ही मार्कशीटवर छापलेल्या असतात. शिवाय त्या फोटोवरून दुसऱ्याच्या नावाची बनावट मार्कशीट बनवणाऱ्याला आयता नमुना मिळतो. कौतुक करायचं तर टक्के सांगून करावं, कागद टाकू नये.

मग तपासायचं कसं?

घरमालक असो, छोट्या कंपनीचा एचआर असो की क्लासचा चालक, प्रत्येकाला एवढं नक्की करता येतं.

• फोटो किंवा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून स्वीकारू नका. मूळ पीडीएफ किंवा डिजिलॉकरच्या 'इश्यूड' कप्प्यातलं कागदपत्र मागा.

• संगणकावर सही तपासा. टिकसोबत सही कुणाच्या नावाने आहे आणि सहीनंतर फाइल बदलली आहे का, हे दोन्ही वाचा.

• क्यूआर कोड स्कॅन केल्यावर उघडणाऱ्या साइटचा पत्ता पाहा. शंका आली तर पत्ता स्वतः टाइप करून क्रमांकाने शोधा.

• स्क्रीनवरची माहिती आणि हातातला कागद ओळीओळीने ताडून पाहा. नाव, वर्ष, गुण, क्रमांक सगळंच.

• परवाना किंवा नोंदणी असेल तर ती आजही चालू आहे का ते मूळ नोंदीत पाहा.

• नोंद सापडली नाही तर उमेदवाराला वेळ द्या आणि संस्थेकडे विचारणा करा.

• काम झालं की दुसऱ्याची कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलमध्ये साठवून ठेवू नका.

प्रमाणपत्र ज्याचं आहे त्यानेही मूळ डिजिटल फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी. नाव बदलून सेव्ह केली तर काही बिघडत नाही, पण एडिट करून सेव्ह केली तर सही तुटते. आणि "थोडे मार्क वाढवून देतो" म्हणणाऱ्या कुणाच्या नादी लागू नये. बनावट कागद तयार करणं आणि तो खरा म्हणून वापरणं, भारतीय न्याय संहितेत दोन्ही गुन्हे आहेत. फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो आहे, अवघ्या १५ रुपयांत. त्यावरचा पडताळणी क्रमांक टाकायला बँकेतल्या माणसाला मिनिटभरही लागत नाही. तो क्रमांक न टाकता शेतकऱ्याला शिक्क्यासाठी परत पाठवलं, तर त्याचा एक दिवस आणि एसटीचं भाडं वाया जातं, आणि शिक्का मारून आणलेला कागद आधीपेक्षा जास्त खराही होत नाही. पुढच्या वेळी कुणी डिजिटल उताऱ्यावर शिक्का मागितला, तर त्याला पडताळणी क्रमांकाकडे बोट दाखवायला हरकत नाही.